छडी गेली, तिच्या जागी काय?

२०१३च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली एक प्राथमिक शाळा जगभरच्या बातम्यांत झळकली. दुसरीतल्या सात वर्षांच्या मुलाने नाश्त्याची पेस्ट्री कुरतडत कुरतडत तिला बंदुकीसारखा आकार दिला, म्हणून शाळेने त्याला दोन दिवसांसाठी निलंबित केलं. मी तर डोंगर करत होतो, असं मुलाचं म्हणणं. आईवडलांनी दाद मागितली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१६ साली न्यायाधीशांनी निकाल दिला तो शाळेच्या बाजूने. तोवर त्या पेस्ट्रीवर हजार विनोद होऊन गेले होते.

गोष्टीचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. शाळेने कोर्टात मांडलं की पेस्ट्री हा फक्त शेवटचा प्रसंग होता. हा मुलगा त्याआधी वर्गात वारंवार गोंधळ घालत होता, बाकीच्या मुलांना शिकू देत नव्हता, आणि समजावण्याचे बाकीचे उपाय करून झाले होते. हसणाऱ्यांचंही खरं होतं आणि शाळेचंही. शाळेतल्या शिस्तीवरून अमेरिकेत गेली तीस वर्षं जो वाद पेटलेला आहे, त्यात दोन्ही बाजूंचे लोक यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग तेवढा उचलतात.

निलंबन म्हणजे मुलाला ठरावीक दिवस शाळेबाहेर ठेवणं. आपल्याकडे हे अपवादाने होतं; अमेरिकेत ते मुख्याध्यापकाच्या टेबलावरचं रोजचं हत्यार आहे. ते इतकं सर्रास वापरलं जायचं की १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, दहा दिवसांपर्यंत घरी पाठवायचं असलं तरी मुलाला त्याचा गुन्हा काय ते सांगा आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच न्यायालयापुढे फ्लोरिडातल्या एका आठवीतल्या मुलाचा दावा आला. लाकडी फळीने वीसहून अधिक फटके बसल्याने त्याला डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं. न्यायालय म्हणालं, क्रूर शिक्षेविरुद्धचं घटनेतलं संरक्षण शाळेतल्या माराला लागू होत नाही. घरी पाठवायचं तर सुनावणी घ्या, बडवायचं तर सुनावणीचीही गरज नाही, असा हा अजब न्याय. डझनभराहून अधिक राज्यांत सरकारी शाळेत फटके मारणं आजही कायदेशीर आहे, हे ऐकून आपल्याकडच्या अनेकांना धक्का बसतो.

निलंबनाला खरी धार आली १९९४ साली. शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान वर्षभर काढून टाकलंच पाहिजे, नाहीतर केंद्राचं अनुदान बंद, असा कायदा त्या वर्षी झाला. बंदुकीबद्दल कुणाचं दुमत असण्याचं कारणच नव्हतं. पण हा 'झिरो टॉलरन्स'चा, म्हणजे जराही खपवून न घेण्याचा नियम बंदुकीपाशी थांबला नाही. राज्यांनी आणि जिल्ह्यांनी तो चाकू-कात्रीला लावला, मग दप्तरातल्या औषधाच्या गोळ्यांना, मग मारामारीला, मग उलट बोलण्याला. १९९९ साली कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाल्यावर तर सौम्यपणाची भाषा करण्याची सोयच उरली नाही. दारात पोलीस आले, मेटल डिटेक्टर आले. लहान गुन्ह्याकडे काणाडोळा केला की मोठा गुन्हा होतो, हे पोलीसखात्यातलं तत्त्वज्ञान वर्गात येऊन बसलं.

त्याचा परिणाम काय झाला, हे टेक्सासमध्ये मोजलं गेलं. सातवीतल्या सुमारे दहा लाख मुलांची पुढच्या काही वर्षांची नोंद तपासून २०११ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. बारावीपर्यंत पोचेतो जवळजवळ ६० टक्के मुलांना एकदा तरी निलंबन किंवा हकालपट्टी भोगावी लागली होती. (यात शाळेतल्याच वेगळ्या खोलीत दिवसभर बसवून ठेवणंही धरलं आहे.) कायद्यानेच शिक्षा सक्तीची केलेल्या गंभीर प्रकारांचा वाटा त्यात होता फक्त ३ टक्के. बाकी सगळ्या शिक्षा शाळेच्या मर्जीतल्या. आणि मर्जीचा प्रश्न आला की काळ्या मुलांचं नाव यादीत वर चढत होतं. सक्तीच्या गुन्ह्यांत तेवढा फरक दिसत नव्हता.

त्याहून चटका लावणारा आकडा अमेरिकेच्या शिक्षण खात्याचाच आहे. २०११-१२ या वर्षी बालवाडीतल्या मुलांत काळी मुलं होती १८ टक्के. पण एकापेक्षा जास्त वेळा निलंबित झालेल्या बालवाडीतल्या मुलांत त्यांचं प्रमाण होतं ४८ टक्के. बालवाडीतली मुलं, म्हणजे ज्यांच्या बुटांच्या नाड्या अजून बाई बांधून देतात ती.

निलंबनाने मूल सुधारतं का? याचं उत्तर काढणं दिसतं तितकं सोपं नाही. ज्यांना वारंवार घरी पाठवलं ती मुलं पुढे तुरुंगात गेली, तर ती निलंबनामुळे गेली की मुळातच त्या वाटेवर होती, हे कसं ठरवायचं? नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराने नकळत याची सोय करून दिली. २००२ साली तिथे शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, आणि एकाच गल्लीतली सारखी मुलं रस्त्याच्या या बाजूची कडक शाळेत, त्या बाजूची सौम्य शाळेत गेली. अर्थशास्त्रज्ञांनी ही मुलं मोठी झाल्यावरच्या नोंदी काढल्या. ज्या शाळा निलंबनाचा सढळ वापर करत, तिथे गेलेल्या मुलांना मोठेपणी अटक किंवा तुरुंगवास होण्याचं प्रमाण १५ ते २० टक्क्यांनी जास्त निघालं. मुलं तीच, वस्ती तीच, बदलली ती फक्त शाळा.

निलंबनाच्या जागी जी कल्पना आणली गेली, तिचा जन्म शाळेत झालेला नाही, अमेरिकेतही नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाचं छोटं गाव आहे. १९७४ साली एका रात्री दारू प्यालेल्या दोन तरुणांनी तिथे धुमाकूळ घातला. गाड्यांचे टायर चिरले, घरांच्या खिडक्या फोडल्या, एक बोट ओढून रस्त्यावर आणून उलथी केली. एकूण बावीस ठिकाणी नासधूस झाली. दोघांनी गुन्हा कबूल केला. न्यायालयाला अहवाल देण्याचं काम मार्क यांट्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याकडे होतं. मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथातला त्याचा सहकारी डेव्ह वर्थ त्याच्या मदतीला होता. या पोरांनी ज्यांचं नुकसान केलं त्यांना तोंड दाखवावं, असं यांट्झीच्या मनात आलं. कायद्यात अशी तरतूद नव्हती. तरी त्याने न्यायाधीशांना ते सुचवलं, आणि न्यायाधीशांनीही ते मान्य केलं.

मग ही वरात निघाली. दार वाजवायचं, आपण कोण ते सांगायचं, काय केलं ते सांगायचं, नुकसान किती झालं ते विचारायचं. दोन्ही पोरं पुढे, आणि मागे वह्या घेऊन आकडे टिपणारे यांट्झी आणि वर्थ. कुणी माफ केलं, कुणी झापलं. विम्याने न भरलेलं नुकसान प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाचशे डॉलरच्या आसपास आलं, आणि काही महिन्यांनी हीच दोघं पुन्हा दारोदार जाऊन पैसे देऊन आली. या गोष्टीला एक मजेदार शेपूटही आहे. त्यातलाच एक जण कित्येक वर्षांनी कॉलेजात कायद्याचा अभ्यासक्रम करत असताना बाहेरून आलेल्या व्याख्यात्याने 'एल्मायराचा प्रसिद्ध खटला' वर्णन करून सांगितला. तोवर आपण कशाची सुरुवात करून दिली हे त्या गृहस्थाला ठाऊकच नव्हतं. पुढे तो त्याच कामात स्वयंसेवक झाला.

याला पुढे 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस' म्हणू लागले. मराठीत पुनर्स्थापक न्याय. कोणता नियम मोडला आणि त्याची शिक्षा काय, हे नेहमीचे प्रश्न. त्यांच्या आधी इथे वेगळेच प्रश्न येतात: कुणाचं नुकसान झालं, आणि ते भरून कोण आणि कसं देणार? न्यूझीलंडने १९८९ साली माओरी समाजाच्या कुटुंबसभेच्या रीतीवरून बालगुन्हेगारांसाठी कायदाच केला. १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ही पद्धत शाळेत आली. अमेरिकेत ती गाजली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरामुळे. वकील आणि कार्यकर्त्या फानिया डेव्हिस यांनी तिथल्या कोल नावाच्या माध्यमिक शाळेत प्रयोग सुरू केला आणि निलंबनं ८७ टक्क्यांनी घटली. हा आकडा वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून इतका फिरला, की कोल ही अगदी लहान शाळा होती आणि टप्प्याटप्प्याने बंद होत होती, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

समजा, मधल्या सुट्टीत दोन मुलांची जुंपली. जुन्या रिवाजाने दोघंही तीन दिवस घरी. चौथ्या दिवशी परत येतात ती अभ्यासात मागे पडून आणि भांडण तसंच शाबूत ठेवून. नव्या पद्धतीत समन्वयक आधी दोघांशी वेगवेगळं बोलतो. दोघं तयार असतील तरच पुढची पायरी. खुर्च्या गोल मांडायच्या, मध्ये टेबल नाही. एखादी छोटी वस्तू, चेंडू किंवा गुळगुळीत दगड, हातातून हातात फिरते. ज्याच्या हातात ती, त्यानेच बोलायचं. प्रश्न जवळजवळ ठरलेले. काय झालं? त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं? या सगळ्याचा त्रास कुणाकुणाला झाला? ते निस्तरायला काय करावं लागेल? 'असं का केलंस?' हा आपला लाडका प्रश्न तिथे मुद्दाम टाळतात. त्यावर मुलांचं उत्तर जगभर एकच असतं: खाली मान आणि "माहीत नाही". शेवटी काय ठरलं ते लिहून काढतात. फुटलेलं भरून देणं, चार आठवडे ग्रंथालयात काम, नाहीतर नुसतं पुन्हा एकमेकांच्या वाटेला न जाणं. आठवड्या-दोन आठवड्यांनी कुणीतरी विचारतं, ठरलेलं पाळलंस का?

हे वाचताना ज्यांना वाटतं की मूल सहज सुटलं, त्यांनी कधी आपण ज्याला दुखावलं त्याच्या डोळ्यांत बघत बसायचा प्रयत्न करून पाहावा. तीन दिवस घरी टीव्ही बघणं त्यापेक्षा पुष्कळ सोपं.

पण यात वेळ किती जातो, ते बघा. निलंबनाच्या कागदावर सही करायला पाच मिनिटं लागतात. इथे एका भांडणामागे तीन-चार बैठका, प्रशिक्षण घेतलेला माणूस, मोकळी खोली, आणि त्या वेळी वर्ग सांभाळायला दुसरं कुणीतरी लागतं. अमेरिकेतले कार्यक्रम जिथे फसले, तिथे बहुतेक वेळा याच हिशेबात फसले.

आणि मग राजकारण आलं. जानेवारी २०१४मध्ये ओबामा सरकारच्या शिक्षण आणि न्याय खात्यांनी देशभरच्या शाळांना पत्र धाडलं: तुमचा नियम कागदावर सर्वांना सारखा असला तरी एका वंशाच्या मुलांवर त्याचा भार जास्त पडत असेल, तर आम्ही तो भेदभाव धरू शकतो. शाळा-जिल्ह्यांनी त्यातून काय बोध घ्यायचा तो घेतला: निलंबनाचा आकडा खाली आणा. कॅलिफोर्नियात 'जाणूनबुजून अवज्ञा' या कारणावरून, म्हणजे उलट उत्तर देणं, फोन न ठेवणं, सांगितलेलं न ऐकणं यांवरून निलंबित करण्यावर बंदी आली. ती आधी लहान इयत्तांना, मग माध्यमिक शाळांना आणि जुलै २०२४पासून बारावीपर्यंत लागू झाली. तिथे राहणाऱ्या मराठी आईवडलांच्या हाती शाळेची जी नियमावली पडते, तीही याच कायद्याला धरून लिहिलेली असते.

फेब्रुवारी २०१८मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने गोळ्या घालून १७ जणांना ठार केलं. त्या जिल्ह्यात किरकोळ गुन्ह्यांसाठी मुलांना पोलिसांच्या हवाली न करता समुपदेशनाकडे पाठवण्याचा कार्यक्रम चालू होता, आणि हल्लेखोराचं नाव काही वर्षांपूर्वी त्यात आलं होतं. झालं. चौकशी आयोगाने त्या कार्यक्रमाचा आणि गोळीबाराचा संबंध फेटाळला, पण तोवर निकाल जनतेच्या दरबारात लागून गेला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ट्रम्प सरकारने ओबामांचं पत्र मागे घेतलं. एप्रिल २०२५मध्ये ट्रम्प यांनी नवा आदेश काढला: वांशिक प्रमाणाकडे बघून शिस्तीचे निर्णय घेऊ नका, 'शहाणपणाची' शिस्त परत आणा. दहाएक वर्षांत कधी इकडे, कधी तिकडे. वर्गातल्या शिक्षकाला कुणीच काही विचारलं नाही.

शिक्षकाची तक्रार ऐकण्यासारखी आहे. वर्गात एक मूल खुर्ची भिरकावतं, त्याला कार्यालयात पाठवलं जातं, आणि वीस मिनिटांनी ते हातात खाऊ घेऊन परत येतं. अमेरिकेतल्या शिक्षकांच्या संघटनांत हे वर्णन इतक्या वेळा ऐकू येतं की त्याला अपवाद म्हणता येत नाही. उरलेल्या चोवीस मुलांचं काय? याचंही मोजमाप झालेलं आहे. फ्लोरिडातल्या एका जिल्ह्याच्या नोंदींवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की प्राथमिक शाळेत २५ मुलांच्या वर्गात घरच्या हिंसेने होरपळलेलं, गोंधळ घालणारं एक मूल असेल, तर बाकीच्या मुलांची पंचविशीतली कमाई सुमारे ३ टक्क्यांनी कमी भरते. शार्लटचा अभ्यास सांगतो की मुलाला बाहेर काढलं तर त्याचं नुकसान. हा सांगतो की नुसतं आत ठेवलं तर इतरांचं. दोन्ही खरं आहे. म्हणून 'आत की बाहेर' हा वादच फोल आहे. आत ठेवलेल्या मुलासाठी शाळा काय करते, हे बघायचं.

मग पुनर्स्थापक पद्धत चालते का? नीट चाचणी झाली पिट्सबर्गमध्ये. २०१५ ते २०१७ अशी दोन शैक्षणिक वर्षं, ४४ शाळा. कुठे कार्यक्रम राबवायचा ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवलेलं. रँड या संशोधन संस्थेने निकाल दिला तो दोन्ही बाजूंना अर्धवट आवडणारा. निलंबनात वाया जाणारे दिवस कार्यक्रमाच्या शाळांत ३६ टक्क्यांनी घटले. पण ज्या शाळांत काहीच केलं नव्हतं तिथेही ते १८ टक्क्यांनी घटले होते. शिक्षक म्हणाले, शाळेचं वातावरण सुधारलं. मुलांना तसं काही वाटलं नाही. आणि सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. रँडच्याच मेन राज्यातल्या शाळांच्या चाचणीत कार्यक्रम असलेल्या आणि नसलेल्या शाळांत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र ज्या मुलांना शिक्षकांची ही पद्धत प्रत्यक्ष अनुभवायला मिळाली होती, त्यांना शाळा अधिक आपली वाटत होती. म्हणजे कार्यक्रम कागदावर होता, काही वर्गांत पोचला होता, काहींत नाही.

इंग्लंडमध्ये ४० माध्यमिक शाळांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आले: दादागिरी थोडी पण निश्चित कमी झाली, आक्रमकपणात फरक नाही. सर्वांत आशादायक आकडे शिकागोचे. तिथल्या सरकारी हायस्कुलांत २०१३-१४पासून ही पद्धत आणली गेली. शिकागो विद्यापीठाच्या अंजली अडुकिया आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात निलंबनाचे दिवस १८ टक्क्यांनी आणि मुलांना होणाऱ्या अटका १९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. शाळेबाहेरच्या अटकाही कमी झाल्या आणि परीक्षेतले गुण घसरले नाहीत. घटलेलं निलंबन म्हणजे शाळेने डोळे मिटून घेतले, असं म्हणणाऱ्यांना शिकागोचं उत्तर द्यावं लागतं. शाळेबाहेरचे पोलीस काही मुख्याध्यापकाच्या सांगण्यावरून डोळे मिटत नाहीत.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही नाकारता येत नाही. लंडनच्या वेम्बली भागात २०१४ साली कॅथरीन बर्बलसिंग यांनी मायकेला नावाची शाळा काढली. वर्ग बदलताना मुलांनी अवाक्षर काढायचं नाही, पेन विसरलं तरी शिक्षा. विद्यार्थ्यांतले अनेक गरीब आणि स्थलांतरित घरांतले. आणि मुलांच्या प्रगतीच्या सरकारी मोजमापात ही शाळा सगळ्या इंग्लंडमध्ये पहिली आलेली आहे. पण मायकेलाकडे नीट पाहिलं तर तिथे शिक्षेइतकंच दुसरं काहीतरी आहे: प्रत्येक शिक्षकाला नियम तोंडपाठ आहेत आणि सगळे ते सारखेच लावतात. कडक असो की मवाळ, मुलाला सर्वांत जास्त छळते ती बेभरवशाची शाळा. एका तासाला जे चालतं त्याच गोष्टीला पुढच्या तासाला मार, अशी.

पुनर्स्थापक पद्धतीवरचा एक आक्षेप मात्र आपल्याकडच्या वाचकाला चटकन उमगेल. २००७ साली महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. भांडणं गावातच मिटावीत हा हेतू चांगला. पण जिथे एक बाजू बलदंड असते तिथे मिटवायचा दबाव दुबळ्यावरच येतो, हे गावकीत वावरलेल्या माणसाला सांगायला नको. शाळेतही तेच. वर्षभर छळ सोसलेल्या मुलीला छळणाऱ्याच्या समोर बसवून 'आता मिटवून टाका' म्हणणं, हा न्याय नव्हे. म्हणूनच जाणकार सांगतात की तिची तयारी नसेल तर बैठक भरवूच नये, आणि लैंगिक छळाची प्रकरणं तर या वाटेने नेऊच नयेत. आपल्याकडे तशा तक्रारी पॉक्सो कायद्याने पोलिसांकडे देणं बंधनकारकच आहे.

आपल्याकडे कायदा अमेरिकेच्या पुढे आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० सालीच शाळेतल्या माराला परवानगी देणारा नियम रद्द केला. गोव्याने २००३च्या बाल कायद्यात शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने देशभर मारही बंद केला आणि मानसिक छळही. कलम १६नुसार आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववी आली की हे छत्र संपतं, आणि नेमकी तिथेच 'दाखला घेऊन जा'ची भाषा सुरू होते. प्रत्यक्षात काय चालतं? कायदा होत होता त्याच सुमाराला, २००९-१०मध्ये, राष्ट्रीय बालहक्क आयोगाने सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना विचारलं. शिक्षा झाली नाही म्हणणारी मुलं निघाली फक्त नऊ.

कोणत्याही शिक्षकखोलीत गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हात लावायचा नाही, काढून टाकायचं नाही, मग करायचं काय?" या प्रश्नाची टर उडवण्यात अर्थ नाही. आपण छडी काढून घेतली आणि तिच्या जागी एक परिपत्रक दिलं. जनगणना आणि निवडणुकीची कामं तर कायद्यानेच शिक्षकांच्या गळ्यात आहेत. समुपदेशक हा शब्द बऱ्याच शाळांत फक्त माहितीपुस्तिकेत दिसतो. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२५मध्ये सांगावं लागलं, तेही एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात. म्हणून मग शिक्षक हाताशी असलेलं वापरतो: अंगठे धरायला लावणं, वर्गाबाहेर उभं करणं, डायरीत लाल शेरा, सगळ्यांसमोर पाणउतारा. यातलं बरंचसं कायद्याने बंद आहे, आणि चालू आहे.

शिक्षेविना शाळा चालते, हे महाराष्ट्राला परक्याने शिकवायची गरज नाही. लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात काढलेल्या 'सृजन आनंद विद्यालया'ने ते करून दाखवलं; त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला. पण या शाळांच्या मागे मुलांसाठी आयुष्य वाहून टाकणारी माणसं उभी होती, आणि ते राज्यभर करायचं तर त्यागाच्या भरवशावर होणार नाही. त्याला पगारी माणूस लागतो, प्रशिक्षण लागतं, वेळापत्रकात जागा लागते. शिकागोचे आकडे आणि एकेका भांडणामागच्या बैठकांचा हिशेब बघणाऱ्याला एवढं तरी पटावं की ही पद्धत चांगली आहे, पण स्वस्त नाही. स्वस्तात करायची असेल तर न केलेली बरी. कारण तेव्हा शिस्तही जाते आणि न्यायही येत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्यांतले असाल, तर पुढच्या बैठकीत स्नेहसंमेलनाचा खर्च संपल्यावर दोन प्रश्न विचारा: यंदा किती मुलांना वर्गाबाहेर काढलं, आणि नंतर त्यांच्याशी कोण, किती वेळ बोललं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.